रिफ्लेक्स लॉग ७: ते २० मिलीसेकंद माझ्या नसांचे नव्हतेच

मंडळी, गुडघ्याखाली हातोडीचा टोला बसल्यापासून मांडीचा स्नायू आखडेपर्यंत किती वेळ जातो, ते मी घरीच इलेक्ट्रोड, अँप अन् लॅपटॉप लावून मोजून राहिलो ना, त्यातले मागच्या अपडेटमधले आकडे खोडा. सगळेच. "गुडघ्याचा रिफ्लेक्स बरोब्बर २०.० मिलीसेकंद, पुस्तकात देतात तेवढाच" असं जे मी छाती फुगवून लिहिलं होतं ना, तो रिफ्लेक्स नव्हताच, माझ्या फिल्टरचा झोल होता. तीन आठवडे मी स्वतःचाच कोड मोजून राहिलो होतो.

पकडलं माझ्या भाचीनं. वय १०, सुट्ट्यांसाठी वर्ध्याहून आलीय, अन् टोले मारायचं काम तिला लय आवडते. परवा मी टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसलो, मांडीवर इलेक्ट्रोड, अन् हिचं लक्ष टीव्हीकडे, तर हातोडी वाटीखालच्या टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) न पडता खाली नडगीच्या हाडावर पडली. मी कळवळलो. स्क्रीनवर मात्र आलं २०.०. ती म्हणे, "मामा, पण पाय तर उडालाच नाही." मग मी मुद्दाम अजून चार टोले हाडावर मारून घेतले. चारही वेळा २०.०, पाय जागच्या जागी.

शंका तर आधीच यायला पायजे होती. माझी उंची ६ फूट, भाची जेमतेम माझ्या छातीपर्यंत, अन् दोघांचा आकडा तोच? टेंडनवर टोला बसला की मांडीचा स्नायू कणभर ताणला जातो, आतल्या स्पिंडलला (ताण ओळखणाऱ्या सेन्सरला) ते कळतं, तो सिग्नल नसेतून वर मज्जारज्जूत मागच्या मुळातून शिरतो, एकच सिनॅप्स (दोन नसपेशींमधला जोड) ओलांडतो अन् पुढच्या मुळातून त्याच स्नायूकडे परत येतो. मेंदूला विचारणं वगैरे भानगड नाही. म्हणजे मांडी जेवढी लांब तेवढा वेळ जास्त. नागपूरहून कामठीला गेलो काय अन् भंडाऱ्याला गेलो काय, वेळ सारखाच लागला असं कोणी सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का? पण पुस्तकातला आकडा समोर दिसला की डोकं गहाण पडते, दुसरं काय. वर ४० टोल्यांत एका सॅम्पलचाही (एका मोजणीचाही) फरक नाही. जिवंत माणसाचं काही एवढं एकसारखं येत नसते.

आता झोल काय तो सांगतो, कारण तुमच्यापैकी दोघातिघांनी माझा कोड उचललाय. घरातल्या लाइटची ५० हर्ट्झची भणभण सिग्नलमध्ये घुसते, ती घालवायला नॉच (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावू का, असं मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा नको ठरलं, कारण स्नायूचा सिग्नलच साधारण २० ते ४५० हर्ट्झमध्ये असतो, त्याच्या पोटातूनच ५० काढायचं, अन् धारदार नॉचला टोला बसला की तो घंटेसारखा वाजत राहतो. म्हणून मी हुशारी करून कोंब (कंगव्यासारखा, ठराविक अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा) फिल्टर लावला. सॅम्पलिंग सेकंदाला २००० चं, तर आताच्या सॅम्पलमधून ४० सॅम्पल मागचं वजा करायचं. भणभण दर २० मिलीसेकंदांनी तशीच परत येते, ती कटते, १०० अन् १५० वाली पिल्लंही कटतात, ग्राफ एकदम चकाचक. फक्त एक गोष्ट विसरलो, ४० सॅम्पल म्हणजेच २० मिलीसेकंद! टोल्याच्या हादऱ्यानं वायरी हलतात, शून्यावर, म्हणजे टोल्याच्या क्षणी, एक मोठा खिळा येतो, अन् फिल्टर इमानदारीनं तोच खिळा उलटा करून २० वर पुन्हा छापतो. त्यालाच मी रिफ्लेक्स म्हणून फोटो टाकला. ४२ च्या आसपासची जी दुसरी लाट दाखवून मी "लाँग लेटन्सी (उशिरा येणारी), बहुतेक वरून, मेंदूतून येऊन राहिली" असं ज्ञान पाजळलं होतं, ती खऱ्या रिफ्लेक्सची उलटी सावली. वरून कडी म्हणजे स्क्रिप्ट १८ ते ३० च्या खिडकीतच शोधत होती, पुस्तकात तसं आहे म्हणून, त्यामुळे भाचीची खरी लाट खिडकीच्या बाहेरच राहायची.

कोंब उडवला. भणभण परत आली, आधीपेक्षा मोठी. दोन दिवस त्यातच गेले. ऑनलाइन मागवलेल्या एडी६२० वर (सिग्नल मोठा करणारी अँपची चिप) शंका होतीच (वरचं छापील नाव घासल्यासारखं, गेन, म्हणजे किती पट मोठं करायचं ते, लावा एक अन् मिळते भलतंच, विकणाऱ्याला तीन मेसेज टाकले, उत्तर नाही), तो बदलून बर्डीतून आणलेला लावला. गेन सुधारला, भणभण तिथंच.

मग संध्याकाळी वादळ आलं अन् लाइट गेली. नवतप्यात लाइट जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण लॅपटॉप बॅटरीवर, अँप ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर (ते तसंही ठेवायचंच, अंगाला वायरी लावून चार्जर खोचायचा नाही म्हणजे नाही), अन् स्क्रीनवरची रेघ थरथरत होती ती मध्येच झोपली. तेवढ्यात इन्व्हर्टर चालू झाला अन् रेघ पुन्हा काट्यांनी भरली. मी धावत जाऊन तो बंद केला. आतून आई, "बाप्पा, या गर्मीत पंखा काऊन बंद केला रे?" म्हटलं दहा मिनिटं दे. मोबाइलच्या टॉर्चवर, घामानं निथळत, भाचीनं ३० टोले मारले, मग मी तिला ३० मारले.

माझा सरासरी २२.५. तिचा १७. टोल्यागणिक दीडेक मिलीसेकंदाचा पसाराही आहे. नडगीवर मारलं तर काहीच नाही, सपाट रेघ. ती सपाट रेघ मी किती वेळ पाहत बसलो काय सांगू.

रोज लाइट जायची वाट तर पाहू शकत नाही, म्हणून काल मूळ शोधलं. भणभण दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखी आली तर अँप ती कापतो, पण एका इलेक्ट्रोडचा चामडीशी टेक नीट नसला की ती दोन्हीकडे सारखी राहत नाही, अन् मग कितीही भारी अँप असो, ती सिग्नल बनून आत येते. माझ्या पाकिटातल्या इलेक्ट्रोडचं जेल सुकलं होतं! एप्रिलमध्ये फोडलेलं पाकीट, वरच्या माळ्यावरची खोली, मे महिना. धंतोलीतल्या सर्जिकलच्या दुकानातून नवीन पाकीट आणलं, स्पिरिटनं चामडी जरा घासून पुसली, वायरींना पीळ घातला, कूलरचा प्लगच काढला. भणभण दहाव्या हिश्श्यावर. फोडलेलं पाकीट झिपलॉकमध्ये ठेवत जा रे, एवढं तरी शिका माझ्यावरून.

अन् त्या दुकानातली दीडशेवाली तिकोनी हातोडी घेऊ नका, हलकी पडते. लांब दांड्याची गोल चकतीवाली घ्या, स्वतःच्या वजनानं पडू द्या, मागे फेविक्विकनं पिझो (टोल्याचा क्षण पकडणारा सेन्सर) चिकटवायलाही जागा मिळते.

आता नसेतल्या सिग्नलचा वेग. आधी मी अंतर कमरेपर्यंत मोजत होतो, तेही चूक. गुडघ्याच्या रिफ्लेक्सचा मज्जारज्जूतला नंबर एल२ ते एल४ (कंबरेचे सेगमेंट, म्हणजे तुकडे), पण मोठ्या माणसाचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याशीच संपतो, म्हणजे ते सेगमेंट त्या नावाच्या मणक्यांच्या बरेच वर, छातीच्या शेवटच्या मणक्यांजवळ बसलेले असतात. मांडीच्या मध्यापासून तिथपर्यंत माझे ५५ सेंटीमीटर, ने-आण ११०. २२.५ मधून सिनॅप्सचा अन् नस-स्नायू जोडाचा मिळून २, टोला स्पिंडलपर्यंत पोचायचे अंदाजे २ काढले तर उरले १८.५. सेकंदाला साधारण ६० मीटर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८५० मध्ये बेडकाच्या नसेत सेकंदाला साधारण २७ मीटर मोजले होते, अन् त्याच्या गुरूला, म्युलरला, वाटायचं की हे मोजताच येणार नाही. माझ्याकडे बेडूक नाही, भाची आहे.

येंद्रासिकची युक्तीही करून पाहिली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायची अन् त्याच क्षणी टोला. माझी लाट जवळजवळ दुप्पट झाली, लेटन्सी (टोला ते लाट वेळ) मात्र तीच. वाट तीच ना, फक्त मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनला चढवून ठेवलेलं.

पुढे भाचीला "टोला लागला की मुद्दाम लाथ मार" सांगून मेंदूवाली दुसरी लाट मोजायची ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, तो "अंदाजे २" वाला आकडा मला खुपतोच आहे, तर आधी घोट्याचा रिफ्लेक्स का नाही? टाचेच्या टेंडनवर टोला, पोटरीवर इलेक्ट्रोड, मज्जारज्जूतला सेगमेंट एस१, तीस मिलीसेकंदांच्या पुढचा आकडा यायला पायजे. टोल्याचा उशीर अन् सिनॅप्स दोन्हीकडे सारखे धरले तर वजाबाकीत उडून जातात, उरते फक्त जास्तीचं अंतर भागिले जास्तीचा वेळ. नस वेगळी आहे, मान्य, तरी अंदाज घालण्यापेक्षा बरं. तर लाथ पुढच्या वेळी.

भाची रविवारी परत चाललीय, त्याआधी तिच्या पोटरीचे ४० टोले घ्यायचे आहेत. रेट ठरला आहे, २० टोल्यांना एक कालाखट्टा गोळा, अन् नडगीवर चुकून बसला तर दंड मलाच.