आलेल्यांचा रविवार

रविवार, रात्री साडेनऊ. सातारा.

आज अजिंक्यताऱ्यावर आम्ही सात जण होतो. गडावर झाडं जगवणाऱ्या आमच्या ग्रुपवर नावं ११२. त्यातल्या चाळीसेक जणांनी काल रात्री 'येतो' म्हणून लिहिलं होतं.

सकाळी सहाला पोवई नाक्यावर जमायचं होतं. साडेसहा वाजले तरी मी नेहमीसारखा फोनच लावत उभा. कुणी उचलत नव्हतं, कुणी 'निघालोच' म्हणत होतं. अकरावीतली ती पोरगी पोत्यात गुंडाळलेला कोयता मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "दादा, आम्ही आलोय की. आमच्याशी बोला ना." रागानं नाही, साधंच म्हणाली. मी फोन खिशात टाकला, पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

तीन वर्षं मी हेच करत आलो. रविवारची सगळ्यात ताजी वेळ न आलेल्यांच्या मागे घालवली. जे न सांगता येतात त्यांच्या हातात कोयता आणि कॅन दिले आणि त्यांना गृहीत धरलं. त्यांना काय शिकायचंय, हे कधी विचारलंही नाही.

आज मात्र सहा जणांना घेऊन बसलो. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, का काढतात इथपासून सुरुवात केली. जानेवारीत डोंगरावरचं गवत वाळून कडक होतं, मार्चमध्ये एका काडीनं अख्खा उतार पेटतो. म्हणून रोपांभोवतीचा पट्टा मातीपर्यंत साफ करायचा आणि कापलेलं गवत तिथेच न टाकता दूर न्यायचं. आगीला पुढं सरकायला काही उरता कामा नये. आळ्यात ओल टिकावी म्हणून आम्ही गवत अंथरायचो. एका पोरानं विचारलं, "मग वणव्यात तेच पेटणार नाही का?" बरोबर होतं त्याचं. आज करंजाच्या आणि जांभळाच्या आळ्यांत दगड रचले. वनखात्याला द्यायचा अर्ज मीच लिहायचो, आता तो पोरगा लिहिणार आहे.

येताना कर्मवीर अण्णांचा, म्हणजे भाऊराव पाटलांचा विचार आला. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. पोरांच्या दोन घासांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. गावोगावच्या सगळ्या पोरांना शिकवायचं स्वप्न होतं, पण जीव लावला तो आधी घरात आलेल्या पोरांना. अण्णांच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचंच काम करत राहिले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शाळा गावागावांत गेल्या त्या अशा घडलेल्या माणसांच्या हातून.

एक भीती मात्र आहे. आमचा सात जणांचा कंपू झाला तर? नवं पोरगं आलं आणि त्याला बाजूला उभं राहावं लागलं तर ते पुन्हा येणार नाही. आणि निष्ठा मोजायची तरी कशानं? एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक जण आहे. सकाळी सातला सुटतो आणि थेट गडावर येतो, तोवर आठ वाजलेले असतात. दहा झाडांना पाणी घालतो आणि घरी जाऊन झोपतो. हजेरीच्या वहीत मी वर्षभर त्याच्या नावापुढे 'उशीर' लिहीत होतो. आज वही काढून ते सगळे शेरे खोडले. त्याला फोन करून सांगितलंही. तो थोडा वेळ गप्पच राहिला, मग म्हणाला, "दादा, वरच्या तळ्याकडची झाडं माझ्याकडे द्या. तिकडं कुणी जात नाही."

दिली.

पुढच्या रविवारी सहाला निघायचं. नाक्यावर थांबून फोन लावायचे नाहीत. मागून येणाऱ्याला आम्ही कुठे आहोत ते ग्रुपवर कळवायचं. आज रात्रीच त्याच्यासाठी दोन कॅन धुऊन ठेवलेत. ती पोरगी म्हणाली, उतारावरच्या पट्ट्याची आखणी तीच करणार.

अवजारांच्या पेटीची एक किल्ली आता तिच्याकडे आहे.