कैरोच्या चंपोलियन रस्त्यावरची कोशरी

नाशिकहून इजिप्तला निघालेल्या कुठल्याही ग्रुपची बॅग उघडा, चिवडा, खाकरे आणि लोणच्याची बाटली निघणारच. आमच्या बॅगेतही होती. बरोबर आत्या होती, पंचवटीतली, अंड्याचा वासही न चालणारी. हा शिधा जरूर न्या, विमानतळावर आणि लांबच्या बसप्रवासात कामी येतो. कैरो शहरात मात्र त्याची गरज नाही. टूरवाले दुपारी ‘इंडियन लंच’ला नेतात, ते तेलकट पनीर चुकवलंत तर काही बिघडणार नाही. मोकळी दुपार मिळाली की सरळ डाउनटाउन गाठा.

आम्ही तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममधून बाहेर पडलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. १९०२ सालची ही गुलाबी इमारत. तिच्या मागच्या अंगाला, दहा-बारा मिनिटांच्या चालीवर, चंपोलियन रस्त्यावर अबू तारेक हे कोशरी या इजिप्शियन पदार्थाचं हॉटेल आहे. १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या फ्रेंच पंडिताचं नाव त्या रस्त्याला दिलंय.

दहा मिनिटांची चाल म्हटलं खरं, पण मधे रस्ते ओलांडायचे आहेत. आत्या रोज द्वारका चौक पार करणारी बाई, तीही फुटपाथवर थबकली. गाड्या थांबत नाहीत, लेन कोणी पाळत नाही, हॉर्न अखंड चालू. उपाय एकच: रस्ता ओलांडणारा कोणी स्थानिक माणूस, शक्यतो पोरंबाळं बरोबर असलेली बाई, हेरायची आणि तिच्या शेजारून, गाड्या येतात त्याच्या पलीकडच्या बाजूने, एका चालीने जायचं. मधेच थांबायचं नाही, धावायचं तर मुळीच नाही. तुमची चाल बघूनच ड्रायव्हर गाडी वळवतो. शुक्रवारी सुट्टी असते आणि सकाळी रस्ते बऱ्यापैकी रिकामे मिळतात, पण दुपारच्या नमाजापर्यंत बरीच दुकानं बंद, तेव्हा त्या दिवशी जेवण उशिराच धरा.

अबू तारेकची सुरुवात १९५० मध्ये हातगाडीवर झाली. आता मजल्यावर मजले चढलेत आणि तरी जेवायला पदार्थ एकच, कोशरी. भात, मसूर, मॅकरोनी, शेवयांसारखे तुकडे, वरून टोमॅटोचा आंबटसर सॉस, छोले आणि कुरकुरीत तळलेला कांदा. वाचायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण मिसळीला जशी तर्री वेगळी येते आणि आपण आपल्या बेताने ओततो, तसंच इथेही आहे. टेबलावर दोन गोष्टी असतात: व्हिनेगर, लसूण आणि जिऱ्याची ‘दअ्आ’ आणि लाल तिखट तेल, ‘शत्ता’. पहिली सढळ हाताने घाला. शत्ता थेंबाथेंबाने घाला, नाशिककर असलात तरी. सगळं तळापासून कालवायचं, मगच चमचा उचलायचा. आत्याने न कालवता वरचा कांदा खाल्ला आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी उठून, काही न बोलता, तिचा वाडगा स्वतः कालवून दिला.

तांदूळ-मसूर एकत्र शिजवायची रीत इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांबरोबर इजिप्तमध्ये आली, असं बरेच जण सांगतात. मॅकरोनी आणि सॉस इटालियनांकडून. आत्याला पहिला भाग ताबडतोब पटला. चव? साधी, पोटभर, आणि लसूण-व्हिनेगरने एकदम जागी होणारी. पिरॅमिडनंतर मला या सहलीतलं काय आठवतं विचाराल तर हेच.

शाकाहारी माणसांनी एक वाक्य पाठ करावं: ‘मिन घेर लहमा’, म्हणजे मांस नको. कोशरीला ते लागत नाही. सकाळी ‘ताअमेया’ही निर्धास्त खा, तो फावा शेंगांच्या दाण्यांचा वडा असतो, आतून हिरवागार. घोटाळा होतो तो मुलुखियात. दिसायला पालेभाजी, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात शिजवलेली. द्राक्षाच्या पानांच्या भरल्या गुंडाळ्यांत खिमा असू शकतो, मसुराच्या सूपलाही विचारूनच हात लावा.

दरफलक बऱ्याचदा अरबी आकड्यांत असतो. आपल्या शून्यासारखा गोल म्हणजे तिथे पाच आणि नुसता ठिपका म्हणजे शून्य. इंग्रजी व्हीच्या आकाराचा सात, उलटा व्ही आठ. एक आणि नऊ ओळखू येतात. एवढं जमलं की बिल स्वतः वाचता येतं. सुट्टे पाउंड खिशात ठेवा, मोठ्या नोटेचे सुट्टे कोणाकडेच नसतात आणि वेटरला थोडी बक्षिशी द्यायची पद्धत आहे. पाणी बाटलीबंदच. रमजानमध्ये दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात आणि २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत, ऐन पर्यटनाच्या दिवसांत येतोय, तिकिटं काढताना बघून घ्या.

गोड मात्र अबू तारेकमध्ये खाऊ नका. जवळच तलात हर्ब रस्त्यावर अल-अब्द नावाचं मिठाईचं दुकान आहे, संध्याकाळी दारात ही गर्दी. केक-पेस्ट्रीत अंडं असतं, त्यापेक्षा कुनाफा (पाकातली शेवयांची मिठाई) आणि बसबुसा (पाकातला रव्याचा केक) मागा. वजनावर देतात, तिघांना पाव किलो भरपूर झाला.