पाणी येतं कुठून?

पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळतं तो भाग. त्याची व्याख्या आमच्या पुस्तकात दीड ओळीची होती. विज्ञानाच्या बाईंनी ती फळ्यावर लिहिलीच नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा नववीच्या मुलांना दिवे घाटाच्या डोंगररांगेवर नेलं आणि ऐन धारेवर उभं करून विचारलं, "इथं पडलेला पाऊस कुठं जातो, सांगा."

दक्षिणेला पडला तर आपल्या ओढ्यातून कऱ्हेला, आणि कऱ्हेबरोबर जेजुरी, मोरगाव, बारामतीच्या अंगानं नीरेला. चार पावलं उत्तरेला पडला तर मुळा-मुठेला आणि पुढं भीमेला. ही दोन्ही पाणी पुन्हा भेटतात ती थेट नीरा-नरसिंगपूरच्या संगमावर. माउलींची पालखी दरवर्षी हा घाट चढून सासवडला येते, ती बघत आम्ही वाढलो. पण या रांगेवर पाण्याची वाटणी होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नंतरचं वर्ष पाणी मोजण्यात आणि ते वहीत लिहिण्यात गेलं. बाटली कापून पर्जन्यमापक केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हे कळल्यावर शाळेचा पत्रा मोजला. वीस मीटर लांब, सहा मीटर रुंद. वीस मिलिमीटरच्या एका सरीत २,४०० लिटर पाणी पन्हाळीतून मातीत चाललं होतं. सासवडच्या बाजूला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हंड्यासाठी आईबरोबर टँकरपुढं उभं राहिलेल्या मुलांना ते आकडे पाठ करायला सांगावं लागलं नाही.

पण मनात राहिली ती काळी बाटली. बाईंनी पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणल्या होत्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेबरोबर येणारे जीवाणू असतील तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि पाणी काळं पडतं. आमच्या आळीच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासलं, तेव्हा जसंच्या तसं राहिलं. मृगाच्या पावसानंतर त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली डांबरासारखी काळी झाली.

गावात कुणालाच पटेना. "मास्तरीणबाई, पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पितोय आम्ही," आळीतले एक आजोबा म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. एक कोरी बाटली त्यांच्या हातात दिली, "बाबा, तुम्हीच भरा आणि तुमच्याच घरात ठेवा." तिसऱ्या दिवशी आजोबा बाटली घेऊन स्वतः शाळेत आले. त्यांच्यासारखा माणूस पुढं झाला म्हणूनच पुढचं सगळं घडलं, असं मला आजही वाटतं.

मग आम्ही भर पावसात पाण्याचा माग काढला. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा आणि गोठे होते. आपल्याकडं वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. जाड मातीतून गाळून उतरायला पाण्याला वावच नाही. वरची घाण भेगांतून सरळ झऱ्याला लागते. उकिरडा हलला, कठडा उंच झाला, विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, नियमित पडू लागली. क्लोरीन उरलाय का, हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) या रसायनाचे थेंब टाकून पिवळ्या रंगावर आम्हीच बघायचो.

बाईंनी आम्हाला नायगावलाही नेलं. १९७२ च्या दुष्काळानंतर उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर पाणी. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. मोजल्याशिवाय वाटता येत नाही, हे मला तिथं उमगलं.

आज मी अंजीर आणि सीताफळाची बाग करतो. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी लिहून ठेवतो. आता मला काळजी वाटते ती खतांतून उतरणाऱ्या नायट्रेटची. त्याला रंग नाही, वास नाही, पाणी उकळून ते जात नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळांना धोका असतो. आमच्या वेळची काळी बाटली निदान डोळ्यांना दिसायची. हे फक्त तपासणाऱ्यालाच कळतं.

म्हणून आपल्या शाळेच्या या सुवर्णमहोत्सवात शाळेकडं एक मागणं आहे. महोत्सवाच्या कमानीबरोबरच नववीच्या मुलांची पाण्याची वही पुन्हा सुरू करा. विहिरींची यादी मी करून देतो. दोर, टेप आणि तपासणी संचांचा खर्च आमची तुकडी उचलेल. पहिली मोजणी मात्र येत्या मे महिन्यात, पाऊस पडायच्या आत व्हायला हवी.