अण्णांना नवी आवडली

काल निलूची नवी बुलेट घेऊन अण्णा उपवन तलावापर्यंत जाऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, "छान आहे गं. काही त्रासच नाही." तेव्हापासून मला कसंतरीच होतंय. त्यांनी नाक मुरडायला हवं होतं का? हो, बहुतेक हेच हवं होतं मला. थोडं तरी.

आपल्या जुन्या बुलेटचं त्यांना काहीच कसं आठवलं नाही? उजव्या पायात गिअर, पहिला वर, बाकीचे तीन खाली, ब्रेक डाव्या पायात. निलूच्या गाडीला सगळं उलट, म्हणजे जगासारखं. पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक, जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारं एबीएस, बटण दाबलं की सुरू. जुनं इंजिन ३४६ सीसीचं, २०२३ला बुलेटमध्ये आलेलं हे नवं ३४९चं. आकड्यांत फरक तो काय! पण यात बॅलन्सर शाफ्ट आहे, हादरे तो आतच जिरवतो. घोडबंदर रोडला मी निलूच्या मागे बसले होते, आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसत होता. आपल्या गाडीच्या आरशात कधी काही धड दिसलंय? मला तेच आवडायचं. ते पोटात घुमणं.

विकायचं बोलणंही परत निघालं. त्यावर आज नको.

संध्याकाळी राहवलं नाही, विचारलंच. अण्णा म्हणाले, "तू मागे बसायचीस. किक मी मारायचो."

खरंय. किल्ली फिरवून किक हळूहळू दाबत न्यायची, हेडलाइटच्या वर विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. डाव्या हाताने इंजिनातला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरची दांडी ओढून किक अजून जराशी पुढे, दांडी सोडायची, किक वर घ्यायची आणि मग सगळा भार टाकून एकच. घाई केली की किक उलट फिरून पायावर बसायची. जुलैत ठिणगीच्या पॉइंटमध्ये पाणी गेलं की हे सगळं पुन्हा पुन्हा, अंगावर रेनकोट, आणि वागळे इस्टेटची पहिली शिफ्ट काही थांबत नसे. हे मी खिडकीतून पाहायचे. ती गाडी माझ्यासाठी आवाज होती, त्यांच्यासाठी रोजची सकाळ. आता त्यांचा गुडघा असा. बटणावर सुरू होणारी गाडी त्यांना आवडली तर मी कशाला रुसायचं? तरी थोडं रुसायला झालंच, ते असू दे.

निलू रविवारी गाडी आणतोय, अण्णांना येऊरला जायचंय. जाऊ देत खुशाल. मी म्हटलं, मला जुनीची किक शिकवा.

"आधी बॅटरी चार्ज करून आण," म्हणाले.