तक्रार असेल तर टाळ वाजवा

आळंदीहून निघाले तेव्हा भक्ती कमी आणि धास्तीच जास्त होती. अपघातानंतर मागून मोठी गाडी आली की माझे हातपाय गार पडायचे, आणि वारीत तर दिंड्यांच्या सामानाचे ट्रक सारखे शेजारून जातात. समुपदेशक बाई एवढंच म्हणाल्या, "नाही झेपलं तर एसटी आहे की."

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, जवळपास ३० किलोमीटर, आणि मध्ये दिवेघाट. घाटात एका ट्रकने कानाशीच भोंगा वाजवला. मी जागच्या जागी थिजले. मागून येणाऱ्या मावशींनी काही विचारलं नाही. एका हाताने डोक्यावरची तुळस सावरली, दुसऱ्याने मला डोंगराच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याकडून चालू लागल्या. "पाय उचला माऊली, चढ आहे."

पण मला खरं धरून ठेवलं ते समाजआरतीने. मुक्कामाला पोचलं की सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. अंगावर काटा येतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मगच पुढचं. पालखी सोहळ्याला आजचं रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांपासूनची ही शिस्त, असं मावशींनी सांगितलं. लोणंदला एका दिंडीचे टाळ थांबेनात. पाण्याचा टँकर आला नव्हता. एवढा मोठा समाज तेवढ्यासाठी ताटकळत उभा! आणि मला मात्र घरी जो तो म्हणायचा, "झालं गेलं विसरून जा."

त्या रात्री तंबूत मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही 'देवाची इच्छा' म्हटलं नाही, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. दुतर्फा उभ्या दिंड्यांमधून अश्व धावून गेले, टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडाली. गर्दीत घुसायचं मला सुधरलं नाही. मावशींनी पदर खोचला आणि फुगडीला हात पुढे केले. सत्तरी ओलांडलेली बाई, पण गिरकी अशी की माझी चप्पल उडाली. हसू आवरेना. बायका ओरडल्या, "अहो सोडा तिला, पडेल ती!" मावशी सोडतात कशाला!

तरडगावच्या वाटेवर पुन्हा ट्रक आले. दचकलेच. पायात एकच चप्पल, ती काढून पिशवीत टाकली आणि चालत राहिले.

संध्याकाळी समाजआरतीत हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारू लागले, तशी मी कान टवकारले. मावशींनी कोपराने ढोसलं, "चपलेसाठी टाळ वाजवू नकोस हां."