बहादूरशेख नाक्यावर अर्धा तास

आज चिपळूणला मावशीकडे जाताना बहादूरशेख नाक्यावर अर्धा तास अडकलो. समोर मुंबई-गोवा महामार्गाच्या उड्डाणपुलाचे खांब. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच पुलाचं काम चालू असताना एक भाग कोसळला. मग आराखडा बदलला, खांबांमधलं अंतर ४० मीटरवरून २० वर आलं. म्हणजे खांब जवळपास दुप्पट!

रिक्षावाले काका म्हणाले, "गाड्या वरून जातील हो, मग खाली थांबणार कोण?" मी गप्प. मला गोव्याला लवकर पोचायचंही असतं आणि नाक्यावरचा वडापावही हवा असतो.

मावशीचं वेगळंच. "जुलै २०२१ सारखं वाशिष्ठी नदीचं पाणी आलं तर ते जाणार कुठून, हे कुणी विचारलं का?" तिच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. रंग लावू देत नाही.