छोटा शिग्रीची वाट: लाहौलच्या चंद्रा खोऱ्यातला प्रवास

हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्ये ग्राम्फूहून बातलकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधी ठरवून टाका: नाले सकाळीच ओलांडायचे. रस्ता जेमतेम 50 किलोमीटरचा, पण बहुतेक ठिकाणी तो रस्ता नसून नदीकाठचे गोटे आहेत, आणि डोंगरावरून येणारे ओढे थेट त्यावरूनच वाहतात. सकाळी टायर अर्धवट बुडतील एवढंच पाणी. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळायला लागतो, ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात आणि दुपारनंतर त्याच नाल्यात जीपही अडकते. आमच्या चालकाने अंधारातच गाडी सुरू केली तेव्हा सगळे कुरकुरले. परतीच्या दिवशी, भर दुपारी, त्या पाण्यातून दगड गडगडत जाताना ऐकले आणि सगळे गप्प बसले.

माझा भाचा हिमनद्यांवर संशोधन करतो. त्याच्या गटाबरोबर, रीतसर परवानगी घेऊन, मला छोटा शिग्रीवर जाता आलं. बातलच्या अलीकडे, चंद्रा नदीच्या पलीकडच्या काठाला ही हिमनदी आहे. नदी ओलांडायची तारेवरच्या झुल्यातून. सामान आधी, माणसं मग. पलीकडे दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यांतून चढण. इथे घोट्याला आधार देणारे बूट हवेतच, साध्या स्पोर्ट्स शूजचं काम नाही.

वर पोहोचल्यावर पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे बांबू. वाफेच्या ड्रिलने बर्फात दहाएक मीटरपर्यंत भोक पाडून त्यात तारेने जोडलेल्या बांबूच्या कांड्या सोडतात. वर्षभराने येऊन किती बांबू उघडा पडला ते टेपने मोजायचं. तेवढा बर्फ गेला. खालच्या भागातला एक बांबू माझ्या डोक्याच्याही वर गेला होता. फोटोसाठी मी जवळ सरकलो तर भाचा म्हणाला, "मामा, टेकू नकोस हं त्याला. तो कलला की वर्षाची नोंद गेली." वरच्या भागात याच्या उलट काम: बर्फात खड्डा खणायचा, थराथरातून नळीने बर्फ काढायचा आणि तराजूवर तोलायचा, म्हणजे साठलेल्या बर्फाचं पाणी किती होईल ते कळतं. साठलेल्या बर्फातून वितळलेला वजा करायचा; ही वजाबाकी इथे 2002 पासून अखंड चालू आहे. हिमालयात एवढी लांब सलग नोंद दुसऱ्या हिमनदीची नाही.

त्या नोंदीनुसार 2002 ते 2019 या काळात छोटा शिग्रीने वर्षाला सरासरी, सगळ्या हिमनदीवर पसरलेल्या 0.46 मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतका बर्फ गमावला. हिमनदीचं क्षेत्रफळ साधारण 15.5 चौरस किलोमीटर. गुणाकार केला तर दर वर्षी सुमारे 700 कोटी लिटर पाणी शिलकीतून गेलं, आणि ते परत भरून आलेलं नाही. हे पाणी चंद्रेतून तांडीला भागा नदीत मिळतं आणि पुढे चिनाब होऊन जातं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते ऑगस्टचं महत्त्व. मी समजत होतो की हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला की झालं. पण उघडा, मळका बर्फ ऊन शोषून घेतो आणि ताजा पांढरा बर्फ बहुतेक ऊन परतवतो. त्यामुळे पावसाळ्यात एकदा बऱ्यापैकी बर्फ पडला तर कितीतरी दिवस वितळणं थंडावतं. तिथे त्याच जागी पाऊस पडला तर हे पांघरूण मिळतच नाही. आपल्याकडे ज्या मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो, त्यांच्यावर या हिमनदीचं वर्ष ठरतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता जाणाऱ्यांसाठी. सप्टेंबरचा उत्तरार्ध मला सर्वांत योग्य वाटतो: नाले उतरलेले असतात, आकाश स्वच्छ असतं, संशोधकही तेव्हाच वार्षिक मोजणीला येतात. रात्री मात्र पाणी बाटलीत गोठतं. मनालीहून अटल बोगद्यातून निघून त्याच दिवशी बातलच्या पुढचं चंद्रताल हे तळं गाठण्याचा मोह टाळा. मनाली 2,000 मीटरवर, चंद्रताल 4,200 च्या वर. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे जवळजवळ ठरलेलंच. सिस्सू किंवा केलाँगला दोन रात्री काढा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच, आणि त्रास वाढला तर खाली उतरणं हाच उपाय. पेट्रोल आधीच भरा, रोख पैसे ठेवा, घरी सांगून ठेवा की फोन लागणार नाही. हाताशी राखीव दिवस हवेतच: जुलै 2023 मध्ये चंद्रतालजवळच्या तंबूंत जवळजवळ 300 पर्यटक बर्फामुळे अडकले होते. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, ती पाळा. ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे.

परवानगी आणि जाणकार सोबत नसेल तर झुल्याच्या वाटेला जाऊ नका. रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं. सिस्सूला थांबाल तेव्हा वर घेपान शिखराकडे बघा. त्या बाजूच्या हिमनदीच्या तोंडाशी साठलेलं तळं इस्रोच्या उपग्रह चित्रांनुसार 1989 मध्ये 36.49 हेक्टर होतं, 2022 मध्ये 101.30 हेक्टर झालं. असं तळं फुटलं तर खालच्या गावांना मिनिटांत पाणी गाठतं, म्हणून नदीपात्रात तंबू ठोकू नका, कितीही सपाट जागा दिसली तरी.

भूगोल किंवा भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची माहिती जरूर काढावी. याच खोऱ्यात सूत्री ढाका इथे त्यांचं 'हिमांश' हे केंद्र 2016 पासून आहे. अर्ज करण्याआधी एखादा उंचीवरचा ट्रेक करून आपल्या शरीराला विरळ हवा मानवते का, ते पाहून घ्या.